कॅरव्हॅनमधला खलबत्ता

मेडनहेड, ३ सप्टेंबर २००६

ती. आसावरीताईस,
सा. न. वि. वि.

आई सुखरूप पोचली हा तुझा फोन अर्चनाने घेतला, मी ऑफिसात होतो. तू कॅरव्हॅनबद्दल विचारलंस, म्हणून लिहितो. चाकांवरची एक लहानशी खोली समज. सगळ्यांत हलकी होती ती घेतली, कारण ओढायला आमची छोटी हॅचबॅक. शेजारचा उदय गाडीला मुंगी म्हणतो.

ऑगस्टमध्ये आम्ही तिघं आणि आई वेल्सला निघालो. मोटरवेवर कॅरव्हॅन मागे झोके खायला लागली आणि गाडीलाही ओढू लागली. कशीबशी कडेच्या मोकळ्या पट्टीवर, हार्ड शोल्डरवर थांबवली. कोणाला लागलं नाही. सामान जास्त झालं होतं. आईचं तुला ठाऊकच आहे: भाजणीचा डबा, कुकर, वर लोखंडी खलबत्ता! थोडं हलकं करून पुढे गेलो. नंतर आई जरा गप्पच होती, दमली असेल. पुढच्या उन्हाळ्याचं तिकीट काढतो म्हणून तिला सांग.

आहे तसा लोभ राहू दे.
तुझा विनय

पुणे, १९ सप्टेंबर २००६

चि. विनयास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या मुंगीने घर ओढायला घेतलं हे वाचून ह्यांना हसू आवरेना. आईही सोसायटीत सांगत असते की माझ्या मुलाची गाडी घर घेऊन फिरते.

पण परवा ती चहाचं आलं लाटण्याने ठेचत होती. खलबत्ता कुठे म्हणून विचारलं, तर म्हणाली मेडनहेडला विसरला. आजीने दिलेला खलबत्ता, प्रत्येक बिऱ्हाडात बरोबर नेलेला, तो आई विसरेल? कोणी येणारं असेल तर पाठवून दे. तिकीट मात्र काढू नकोस. माझं ओझं आता कोणाला नको, असं म्हणते. लोणावळ्याला दोन दिवस जायचं, तर पिशवी वजनकाट्यावर ठेवून बघत होती. मला ते बघवलं नाही. तिथे काय झालं, विनय?

माया आहेच, पण उत्तर दे.
तुझी ताई

मेडनहेड, १ ऑक्टोबर २००६

तीर्थरूप आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

ताईचं पत्र चार दिवस खिशात घेऊन फिरतोय. फोनवर बोलायची हिंमत नाही.

खलबत्ता तू विसरली नाहीस. मी तो तुझ्या डोळ्यांदेखत हार्ड शोल्डरच्या कडेला गवतात टाकला. मदतीला आलेल्या मेकॅनिकने कॅरव्हॅन उघडून पाहिली, तेव्हा तो काय म्हणतो असं तू विचारलंस. मी सांगितलं की आजीबाईंचं सामान फार झालं म्हणतो. आई, तो असं म्हणालाच नव्हता. तुझा डबा आणि खलबत्ता दाखवून तो म्हणाला की हे अगदी चाकांच्या वर आहे, असंच ठेवायचं असतं. चूक होती ती तंबूची आणि पाण्याने भरलेल्या कॅनची. ते पार मागच्या टोकाला होते, म्हणून कॅरव्हॅन झोके खात होती.

ते मी ठेवले होते. निघताना कॅरव्हॅन जोडली आणि गाडी मागून खाली बसली. समोर उदय उभा. तो हसेल म्हणून मी जड सामान मागे नेलं, तशी गाडी सरळ दिसायला लागली. एवढ्यासाठी तुम्हा तिघींचा जीव धोक्यात घातला आणि वर तुझ्यावरच ओरडलो. मला फार लाज वाटते. काल त्या रस्त्याने गेलो होतो. तिथे थांबता येत नाही. जाता जाता पाहिलं, गवत कापून झालंय.

क्षमा मागायला तोंड नाही, तरी मागतो.
तुझा विनय

पुणे, १४ ऑक्टोबर २००६

चि. विनय यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं, ताईला दाखवलं नाही.

खलबत्त्याचं मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? त्या माणसाचं इंग्रजी मला कळलं नाही, पण वरदाला कळलं होतं. त्याच संध्याकाळी समुद्रावर ती माझ्या कानात म्हणाली की आजी, तुझी सामान चांगली होती, बाबाची तंबू वाईट होती. एरवी तिच्या मराठीला मी हसते. त्या दिवशी हसले नाही. तिला म्हटलं, हे कोणाला बोलायचं नाही, बाबा स्वतः मला सांगेल.

तिकिटाचं जानेवारीत बघू. वजनकाटा मी माळ्यावर टाकला आहे.

मी इथे आल्यापासून दर रविवारी फोनवर वरदा हळूच विचारते, बाबाने सांगितलं का. सहा रविवार मी ‘अजून नाही’ म्हणत आले. उद्या रविवार. हे पत्र तुझ्या हाती पडेल, तोवर मी तिला हो म्हटलेलं असेल.

सगळ्यांना जप.
आई