कोटाच्या आतल्या खिशातली पट्टी

एजवेअर, ७ फेब्रु. २००५
दहा महिने एकाच शिलाई मशिनवर. माझ्यासाठी लईच झाले. मेडनहेडला हॉटेलच्या लाँड्रीत जागा आहे म्हणे. आई म्हणते पायाला भिंगरी, दुकानाचे मालक रमेशभाई म्हणतात बुडाला चाकं. बघू.

१० फेब्रु.
गल्लीतल्या वाइसबाई आल्या. ज्यू आजी, पंच्याहत्तरीच्या, पण बोलायला तिखट. वडिलांचा ओव्हरकोट आणला. नवं अस्तर घालून नातवाला द्यायचाय. "जपून, यंग मॅन. हा जवळजवळ माझ्याएवढाच म्हातारा आहे." नऊ वर्षांच्या असताना व्हिएन्नाच्या स्टेशनात आईनं पांघरून दिला नि एकटीला इकडं येणाऱ्या गाडीत बसवलं. आईवडील मागे राहिले ते...
मी अस्तराचं माप घ्यायला लागलो.

१४ फेब्रु.
जुनं अस्तर उसवलं. कापड असं की आमचा कराडचा शिंपी मामा पाया पडला असता.
रमेशभाई: "चिंध्या फेक, संजू. गोदाम आहे का हे?"
फेकल्या नाहीत. मामाचा नियम, गिऱ्हाईक कपडा नेईस्तोवर चिंधी टाकायची नाही. पिशवीत भरून मशिनखाली.

१७ फेब्रु.
वा.बाई आल्या, तोंड उतरलेलं. स्वित्झर्लंड म्हणे लढाईत पडलंच नाही, म्हणून ज्यू लोकांनी भीतीनं तिथं ठेवलेले पैसे साठ वर्षं बँकांत पडून. आता नावांची यादी निघाली, तीत वडिलांचं नाव! पण ऑफिसवाले विचारतात, त्या नावाचे व्हिएन्नात बरेच होते, तुमचे कोणत्या रस्त्यावरचे? कागद दाखवा. बाईंकडे एक कोट सोडून काही नाही.
"पैसे गेले खड्ड्यात. यादीतला तो माझाच बाप, एवढं कबूल करू देत."
मला एकदम आठवलं. जुन्या अस्तराच्या आतल्या खिशात शिंप्यानं लावलेली कापडी पट्टी होती, शाईनं काहीतरी लिहिलेलं. मशिनखाली घुसलो. डोकं आपटलं.
मला वाचता येईना. बाईंनी चष्मा लावला. वडिलांचं नाव, १९३६, आणि खाली रस्ता, घर नंबर.
"आमचंच घर!" मग हसत सुटल्या. वडील भारी आळशी, दुकानात जाऊन कधी काही आणायचे नाहीत, सगळं घरपोच. म्हणून शिंप्यानं पत्ता लिहिलेला.
रमेशभाईंनी न मागता चहा केला. चिंध्यांची पिशवी स्वतःच परत मशिनखाली सरकवली.

२१ फेब्रु.
पट्टीचा फोटो गेला. अस्सल मागितली तर? म्हणून नव्या खिशात नुसत्या कच्च्या टाक्यावर धरली. पक्की शिलाई उत्तर आल्यावर.

१८ एप्रिल
उत्तर नाही. नातू तोच कोट घालून हिंडतो, बाह्या तीन बोटं लांब. बाई रोज दारातून, "आलं नाही." जसं काही मीच पोस्टमन.
मेडनहेडहून फोन, सोमवारी येतोस का. म्हटलं, एका कोटाचं काम अडलंय.
रमेशभाई कात्री पुसत म्हणाले, "चार टाक्यांचं तर काम."
असू दे की चार टाक्यांचं.