टेबलफॅनचं तोंड

ताई,

तोंडावर बोलले तर भांडण होईल, म्हणून लिहितेय. तुला देईनच असं नाही.

पाळी गेल्यापासून माझ्या अंगातून नुसत्या वाफा निघायच्या. इस्त्री करताना घाम गिऱ्हाइकाच्या ब्लाउजवर टपकायचा. मग तू मशीन सोडून उठायचीस, टेबलफॅन माझ्याकडे वळवायचीस, मानेवर ओला रुमाल ठेवायचीस. पायात एकदा रक्ताची गुठळी झालेली, म्हणून डॉक्टरीणबाईंनी मला हार्मोन दिले नाहीत, दुसरीच गोळी दिली. ती लागू पडली. तू म्हणालीस, "सुटलीस बाई एकदाची."

सुटले कसली. आता आपल्या दुकानात काजं-बटणं करते त्या बाईला वाफा येतात आणि फॅनचं तोंड दिवसभर तिच्याकडे. काल तर माझाच रुमाल तिच्या मानेवर होता.

आज मी तिला स्वतःहून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तू म्हणालीस, "किती गं माया तुला." माया कसली, ती लवकर बरी व्हायला हवी.

पण तिची गोळी लागू पडायला वेळ लागणार. इस्त्रीच्या पाण्याची बाटली माझ्या हाताशीच असते. उद्या घाम आल्यासारखी मान थोडी ओली करून घेईन. तू मशीनवरून वर बघशील ना?

तुझ्या पाठची,
धाकटी