फिनेल, क्रमांक सात

२२ मार्च, रविवार
काल जासईला आमच्या मुलीचा, मनस्वीचा, साखरपुडा झाला. जेवणं उरकल्यावर व्याही दादूशेठ यांनी विषय काढला. त्यांचे पोर्टावर सहा ट्रेलर चालतात आणि आवाज त्या मानाने आहे. म्हणाले, आमच्यात हळदीला पाहुन्याचा पयला ग्लास यजमान भरतो. तुमच्यात कसं? मी म्हणालो, आमच्यात बाटलीसुद्धा यजमानाच्या हातची. बिअर मी घरीच बनवतो.
दादूशेठ म्हणाले, मग उष्टी हळद घेऊन तळवलीला तुमच्या घरी येतो, तवा बघू.
बिअर मी बनवत नाही. पण आता बनवणार आहे. म्हणजे विधान खोटं नव्हतं, जरा लवकर केलेलं होतं.
हळद ८ मे. सत्तेचाळीस दिवस. भरपूर.

२४ मार्च
किट मागवलं. माल्टचा पाक, यीस्ट, नळ्या, माहितीपुस्तक. पुस्तक अर्धं वाचलं. बिअर सोपी आहे, तिची ती होते. माणसाचं काम नंतर सुरू होतं. कोणती बाटली कधी भरली, आत काय, कुठे ठेवली. लोक इथे मार खातात.
मी खाणार नाही. बेलापूरच्या ऑफिसात सव्वीस वर्षं रेकॉर्ड सेक्शन सांभाळलं. एकही फाइल हरवली नाही. काही सापडल्या नाहीत, ती गोष्ट वेगळी.

२५ मार्च
बायकोला, गोजराला सांगितलं. म्हणजे, समजा कोणी असं केलं तर, असं विचारलं. म्हणाली, पोरीचं लगीन हाय. घरात भट्टी लावाल तर मांडवाच्या आधी तुमाला बाहेर काढीन. तीन मजले भाडेकरू हायत, कोन काय बोलंल?
तिचा विरोध माहितीमुळे आहे. यापुढे माहिती न देण्याचं ठरवलं.
परवाना लागतो का ते विचारायला हवं. पण विचारलं की विचारणाऱ्याचं नाव नोंदवतात. हे मला कोणी शिकवू नये.

२९ मार्च, दुपारी २
गोजरा आणि मनस्वी साड्या घ्यायला वाशीला गेल्या. तळमजल्याची खोली रिकामी आहे. तिथे पाक उकळला, पाण्याच्या तीन जारमध्ये ओतला, यीस्ट टाकलं. बुडबुडे येतात.
संध्याकाळी गोजराने विचारलं, वास कसला? मी म्हणालो, नाला. पटलं.

४ एप्रिल
रजिस्टर तयार. अकरा रकाने, शेवटचा ‘शेरा’. लाल आणि निळी शाई. आठवडा यात गेला. जारांकडे बघायला झालं नाही.

७ एप्रिल
छत्तीस बाटल्या आल्या. तपकिरी काच, तारेचं झाकण. कितीही वेळा उघडा, पुन्हा घट्ट बसतं. हा गुण पुढे उपयोगी पडेल.
लेबलचा प्रश्न. ‘बिअर’ लिहिता येत नाही. कोरी बाटली मी ठेवू शकत नाही. विचारांती सांकेतिक नावं ठरवली.
फिकी, १ ते १२: फिनेल.
मध्यम, १३ ते २४: गोमूत्र.
काळी, २५ ते ३६: बॅटरीचं पाणी.
तिन्ही वस्तू घरात असतात आणि सहसा कोणी पीत नाही.
झेरॉक्सवाल्याने स्टिकर छापून दिले. म्हणाला, काका, धंदा टाकला काय? मी नुसता हसलो. गुप्तता राहिली.

१२ एप्रिल
बाटल्या भरल्या. गोजरा माहेरी. लेबलं पट्टी धरून सरळ चिकटवली, चार तास. गॅस धरावा म्हणून प्रत्येक बाटलीत चमचाभर साखर. मध्येच एक लेबल वाकडं गेलं आणि लक्ष तिकडे राहिलं. काही बाटल्यांत साखर दोनदा पडली असेल. कोणत्या, यासाठी रकाना नव्हता. उद्या आखतो.
बाटल्या लेबलाप्रमाणे ठेवल्या. फिनेल मोरीत. गोमूत्र देवाऱ्याखालच्या कपाटात. बॅटरीचं पाणी जिन्यात, इन्व्हर्टरशेजारी. आता कोणालाही काही वेगळं दिसणार नाही.
चव घेण्याचा मोह झाला. आवरला. पहिला घोट हळदीला, दादूशेठच्या समोर.

१६ एप्रिल
गोजराने फरशी पुसली. क्रमांक ३ ने. म्हणाली, हा फिनेल कुठून आनलात? फेस बघा. वास पन डोक्यात जात नाय.
चिडण्याचं कारण नाही. लेबल किती विश्वासार्ह झालं आहे, ते कळलं. शेरा: फरशी.
यापुढे मोरीत जाऊन रोज मोजणार नाही. मोजणाऱ्यावर संशय येतो.

१८ एप्रिल
घरात मुंग्या. गोजरा वैतागली. म्हणते, दोन टायमाला फिनेल मारते तरी वाढतातच हायत. मुंग्यांचा खडू आणून दिला. हवामान बदललं आहे.

२० एप्रिल
दुसऱ्या मजल्यावर बाबासो राहतो, तासगावचा. मदतीला कायम पुढे, बोलावलं नाही तरी. सकाळी लाइट गेली. त्याने इन्व्हर्टरची बॅटरी उघडून बघितली, पाणी कमी दिसलं, शेजारच्या दोन बाटल्या ओतल्या. बॅटरीतून आधी फेस आला, मग वास आला, मग काहीच आलं नाही.
बाबासो म्हणाला, शेठ, तुमास्नी फसिवलं की वो. पाणी डुप्लिकेट हाय.
मी काही बोलायच्या आत उरलेल्या दहा बाटल्या पोत्यात घालून तो बॅटरीवाल्याशी भांडायला गेला. तासाभराने आला. भांडण जिंकला होता. बाटल्या तिथेच ठेवून आला, पुरावा म्हणून.
काळी संपली. तीन प्रकार तसेही जास्तच होत होते. दोन सुटसुटीत.

२३ एप्रिल, दुपारी ३
देवाऱ्याखाली स्फोट. क्रमांक १९. साखर दोनदा पडलेली एक बाटली निश्चित झाली. रजिस्टर हळूहळू भरतं आहे.
गोजरा म्हणाली, गोमूत्र कवा फुटतं काय? मी म्हणालो, उन्हाळा. मनस्वी माझ्याकडे बघत होती. मग काचा भरायला लागली.

२७ एप्रिल
मालतीबाई आल्या. त्या गावच्या धवलारीण. लग्नातले विधी सांगतात, धवले गातात, आणि त्या बोलत असताना भटजीही थांबतो. मांडवाची जागा शुद्ध करायची म्हणून गोमूत्र मागितलं. गोजराने क्रमांक १३ दिला. मालतीबाईंनी चारी कोपऱ्यांत शिंपडलं. मग तळहातावर थेंबभर घेऊन प्यायल्या. थांबल्या. पुन्हा थोडं घेतलं. मग बाटलीच तोंडाला लावली.
गोजराला म्हणाल्या, गाय कोनाची गो ही? मना नेऊन दाखव.
त्यानंतर तासभर गायल्या. दोन धवले कोणीच आधी ऐकलेले नव्हते. निघताना उरलेल्या दहा बाटल्या रिक्षात घातल्या. म्हणाल्या, लग्नाचा शिजन हाय, अजून चार मांडव हायत.
चव घेणारी पहिली व्यक्ती. अभिप्राय अनुकूल. फक्त श्रेय गायीला गेलं.

३० एप्रिल
फिनेल मोजली. बारा.
कमी भरायला हव्या होत्या. गोजराला सहज विचारलं. म्हणाली, सायकलवाला सुट्टं फिनेल घेऊन आलता. रिकाम्या बाटल्यांत भरून ठेवलं. एवरं चांगलं लेबल, फेकायचं कशाला?
किती बाटल्यांत? पाच, म्हणाली. मग म्हणाली, सहा असतील. कोणत्या? मना काय ठाव, हाताला आली ती घेतली.
नोंद: पाच.

१ मे
बारांपैकी पाच फिनेल, सात बिअर. बाहेरून कळत नाही. उघडून वास घेतला तर कळेल, पण उघडली की गॅस जातो. गॅस गेलेली बिअर दादूशेठना देणं म्हणजे पाणी देणं. तपासलेली बाटली वाया, न तपासलेली धोक्याची. दिवसभर यात अडकलो. जेवलो नाही.
संध्याकाळी सुटलं. अकरा उघडायच्या. पाच फिनेल आणि सहा बिअर निघाल्या की बारावी न उघडताच बिअर. हे गणित आहे. गणिताला वास घ्यावा लागत नाही.

३ मे
मोरीचं दार लावून अकरा बाटल्या उघडल्या. आठवीनंतर नाक चालेना. शेवटच्या दोन अंदाजाने ठरवल्या. एकूण फिनेल पाच, बिअर सहा. तंतोतंत अपेक्षेप्रमाणे. अंदाज करताना अपेक्षा लक्षात ठेवली होती, त्याचा फायदा झाला.
अकराही मोरीत ओतल्या. उरली क्रमांक ७. सिद्ध झालेली बिअर. फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात ठेवली. गोजरा म्हणाली, फ्रिजात फिनेल? मी म्हणालो, थंड चांगलं लागतं. मग म्हणालो, टिकतं.

५ मे
दादूशेठचा फोन. ते व्याह्याला याही म्हणतात. म्हणाले, याही, पन्नास मानसं आनतोय. सगल्यांना सांगून ठेवलंय, याही स्वतः बनवतो. नाक कापू नका.
एक बाटली, पन्नास माणसं. चालेल. माणसं चवीसाठी येत आहेत, तहानेसाठी नाही.
मनस्वीने विचारलं, पप्पा, नक्की हाय ना? म्हणाली, मला त्या घरात राहायचंय. मी रजिस्टर दाखवलं. तिने सगळं वाचलं. मग मला चहा करून दिला.

९ मे, सकाळी ६
आज लग्न. काल लिहायला झालं नाही.
काल संध्याकाळी सात वाजता दादूशेठ उष्टी हळद घेऊन आले. सत्तर माणसं. डीजे थांबवायला लावला. म्हणाले, आना याही, घरची आना. मी ट्रे घेऊन गेलो. एक बाटली, दोन ग्लास. दादूशेठनी बाटली उचलली आणि लेबल वाचलं. मोठ्याने. फिनेल, क्रमांक सात.
सत्तर माणसं हसली. दादूशेठ म्हणाले, काय याही, पोरगी द्यायची नव्हती तर आधी सांगायचं. मना मारायचं हाय काय?
मी सांकेतिक नावांची पद्धत समजावली. कोणाला समजली नाही म्हणून रजिस्टर आणलं. दादूशेठनी शेऱ्याच्या रकान्यावर बोट फिरवलं. फरशी. बॅटरी. स्फोट. मालतीबाई. म्हणाले, ही बिअर हाय का बॉम्ब? मांडवाच्या कोपऱ्यात मालतीबाई बसल्या होत्या. त्यांनी आपलं नाव कशाला घेतलं म्हणून विचारलं.
मग दादूशेठ म्हणाले, चला, टेन्शन नाय. तुमी उघडा. पयला घोट तुमी घ्या, दुसरा मी.
मागणी योग्य होती. मी झाकणाच्या तारेवर अंगठा ठेवला. गणित पक्कं होतं. बारातून अकरा गेले. पाच फिनेल. पाच, म्हणाली होती गोजरा. नंतर सहा असतील म्हणाली होती. रजिस्टरमध्ये पाच आहे. ते मी लिहिलं आहे म्हणून आहे.
अंगठा तिथेच राहिला. डीजेवाला बघत होता. सगळे बघत होते.
मनस्वी पाटावरून उठली. हळद लागलेल्या नवरीने उठायचं नसतं, मालतीबाई ओरडल्यासुद्धा. ती आली, पिवळा हात पुढे केला आणि म्हणाली, द्या पप्पा, मी पिते. तिची बोटं लेबलाला लागली.
मी बाटली ओढून घेतली. जोरात. एक ग्लास पडून फुटला.
म्हणालो, आज मला ॲसिडिटी आहे.
दादूशेठ माझ्याकडे बघत राहिले. मनस्वीकडे बघितलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाले, ऱ्हाऊ द्या याही. त्यांच्या गाडीतून दुकानाच्या बिअरचे क्रेट आले. पहिला ग्लास त्यांनी स्वतः भरून मला दिला. ॲसिडिटी सांगून बसलो होतो, त्यामुळे घेता आला नाही.
पद्धतीत दोष नव्हता. पाहुणे नवीन होते.

११ मे, सकाळी १०
परवा लग्न नीट झालं. मनस्वी जासईला गेली. मांडववाला खांब काढून नेतो आहे.
फ्रिज उघडला. भाजीच्या कप्प्यात क्रमांक ७ नाही. गोजराला विचारलं. म्हणाली, मोरीतलं फिनेल संपलं. सकाळी तेच घेतलं, सगलं घर पुसलं.
उघडताना आवाज झाला काय, विचारलं. म्हणाली, डीजेनं कान अजून वाजतात. वास कसला होता? म्हणाली, परवापासून रडतेय, नाक बंद हाय. तुमाला काय करायचंय?
बाटली मोरीत उपडी होती. लेबल अर्धं सुटलेलं. कोपऱ्यावर हळदीचं बोट.

११ मे, दुपारी ४
फरशीवर मुंग्या आल्या आहेत. मनस्वीच्या खोलीतून निघून दारापर्यंत, एका रांगेत. खडू आणायला उठलो होतो. परत बसलो.
रजिस्टर काढलं. निळी शाई.
क्रमांक ७. आत काय: बिअर. शेरा: फरशी.