नावं ठेवणे

प्रिय ठकू,

हे पत्र उघडलंस तर शेवटपर्यंत वाच. मला मुद्द्यावर यायला नेहमीच उशीर होतो, हे तुला माहीत आहे.

शब्दकोशाच्या कचेरीत सध्या माझ्याकडे ‘जज’ हे इंग्रजी क्रियापद आहे. इंग्रजी कादंबऱ्या वाचायच्या, शब्द सापडला की ते वाक्य कार्डावर उतरवायचं आणि मागे मराठी अर्थ लिहायचा. दीडशेवर कार्डं झाली. मी वाचलेल्या जुन्या कादंबऱ्यांत लोक नदीची रुंदी जज करतात, घोड्याचं वय करतात, म्हणजे नुसता अंदाज बांधतात. नव्या कादंबऱ्यांत मात्र त्या क्रियापदापुढे माणूसच येऊन बसतो, आणि बहुतेक वेळा कुणीतरी कुणाला विनवत असतं की असं करू नकोस. त्या कार्डांवर मी ‘नावं ठेवणे’ लिहिलं. संपादक म्हणाले, बाई, हे फार घरगुती झालं, ‘मूल्यमापन करणे’ लिहा. मी म्हटलं, मूल्यमापनाने कुणी रडत नाही. ते हसले. मला हसता आलं नाही.

कोर्टाच्या व्हरांड्यात तू हाच शब्द वापरला होतास. “आई, तू मला आयुष्यभर जज केलंस.” आणि मी तेवढ्यातही मनातल्या मनात त्याला मराठी प्रतिशब्द शोधत होते.

तू नऊ वर्षांची असताना मी आजारी पडले होते. तू मला पत्र लिहिलंस, आणि मी ते लाल शाईने शुद्धलेखन दुरुस्त करून तुला परत दिलं. त्यानंतर तू मला कधी पत्र लिहिलं नाहीस. मला वाटायचं, तुला लिहायचा कंटाळा आहे.

त्या दिवशी, पोर कुणाकडे राहायची या खटल्यात, जावयाच्या वकिलाने विचारलं आणि मी उत्तरं दिली. घटस्फोटानंतर तू आठवडेच्या आठवडे अंथरुणातून उठत नव्हतीस, पोर पारोशी शाळेत जायची, सहा वर्षांची असून स्वतःचं दूध स्वतः तापवायची. यातलं काही खोटं नव्हतं. “तिचं तिलाच धड सांभाळता येत नाही,” हे माझं वाक्य निकालपत्रात जसंच्या तसं आलं, अवतरणचिन्हांत. जन्मभर मी दुसऱ्यांची वाक्यं उतरवून घेतली. माझं कुणी उतरवून घेतलं ते एवढंच.

पोरीला न्यूमोनिया झाला तेव्हा तू चार दिवस दवाखान्यातल्या लोखंडी स्टुलावर बसून होतीस, हात सुटेल म्हणून जेवायलाही उठली नाहीस. हे मी सांगितलं नाही. कुणी विचारलं नाही, अशी मी माझी समजूत घालत आले. पण वकील थांबला होता, पाण्याचा ग्लास पुढे केला होता त्याने. वेळ होता, ठकू. मला वाटत होतं, एक फटका बसला की तू सावरशील, मग पोर परत आणू.

परवा दुपारी जावई पोरीला घेऊन आला. परदेशात नोकरी लागली, संध्याकाळचं विमान आहे म्हणाला. तुला कळवलंय का विचारलं, तर म्हणाला, ते वकील बघतील. तिला माझ्यापाशी सोडून तो तासभर कामाला गेला. तिचे पुढचे दोन दात पडलेत. “आजी, मला आईकडे ने ना,” म्हणाली. तुझं घर चालत दहा मिनिटांवर. मी चपला घातल्या, कडीही काढली. आणि तिथेच उभी राहून विचार करू लागले: तू कशा अवस्थेत असशील, रडशील, ओरडशील, तिच्या मनावर काय परिणाम होईल, कुणाचं हित कशात आहे. मग कडी परत लावली आणि आई कामात आहे असं तिला सांगितलं. खाली हॉर्न वाजला. ते गेले. पत्ता दिला नाही, नंबर बंद लागतोय. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून लिहितेय. पत्र तुझ्या दाराखालून सरकवेन, समोर उभं राहायची हिंमत नाही. क्षमा मागायला तोंड नाही. जिन्यात ती मागे वळली आणि तिने विचारलं, आईचं काम कधी संपणार? मी म्हटलं, लवकरच.

तुला नको असले तरी तुझीच,
आई