पणजोबा भैरूंच्या दाराची कडी

सर्वपित्री अमावास्येच्या संध्याकाळी गावी आमच्या दाराची कडी तीनदा वाजायची. आजोबाच बाहेर जाऊन वाजवायचे. आम्ही पोरांनी लगेच दार उघडून 'या' म्हणायचं. तो आवाज कानात, पण बुद्धी ठिकाणावर ठेवून मी, कृष्णात तुकाराम जगदाळे, वय ७२, राहणार नेरूळ, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे.

१. राहता फ्लॅट मुलगी वैशालीला. गावचं घर पाडलं तेव्हा मी मागून आणलेली ती कडी इथल्या दारावर आहे, ती काढू नये. बेल असताना कडी कशाला, असं सोसायटीवाले विचारतील. त्यांना चहा द्यावा.

२. शाळेतली कवितेची पुस्तकं नात क्षिप्राला. मोठ्यानं म्हणावीत. मनातल्या मनात वाचलेल्या कवितांना कसर लागते.

३. गावची माझ्या नावची सहा गुंठे जमीन पणजोबा भैरू यांच्या, मला अजून न सापडलेल्या वंशजांना. कारण असं.

पणजोबा पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या पलटणीतून बसऱ्याला गेले. चार वर्षं खबर नाही. बेपत्ता माणसासाठी बारा वर्षं थांबायचं असतं. थोरल्या भावाला जमिनीची घाई. त्यानं पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळला, तेरावा घातला. पुढच्याच वर्षी या अमावास्येला कडी वाजली.

"मी भैरू. दार उघडा."

"ज्याचं पिंडदान झालं, त्याला दार नाही," भाऊ आतून म्हणाला.

माझे आजोबा तेव्हा सहा वर्षांचे. त्यांच्या तोंडावर त्यांच्या आईचा हात होता. कडी तीनदा वाजली, मग नालाचे बूट उताराला लागले.

आजोबांनी हे मरताना दुर्गाआत्याला सांगितलं, तिनं मला. मला खरं वाटेना, म्हणून वेशीतला सरकारी दगड वाचायला गेलो. युद्धाला गेले सत्तावीस, त्यांपैकी मेले चार. गावानं सुतक पाच घरांत पाळलं होतं.

पुढे पणजोबा खाडीकाठच्या मिठागरात कोणाला तरी दिसले, एवढंच आत्याला ठाऊक. लोकांना वाटतं, मी नेरूळला घर स्वस्त म्हणून घेतलं. खाडीचा वारा सुटला की अजून मला ते बूट ऐकू येतात.

४. ती जमीन सध्या कसणारा श्यामसुंदर हा त्या थोरल्या भावाचा पणतू. मला म्हणतो, "अण्णा, भुताला सातबारा लागत नाही." दहा वर्षांत वंशज न सापडल्यास जमीन त्याची. पण दर सर्वपित्री अमावास्येला त्यानं वैशालीच्या दाराबाहेर उभं राहून कडी वाजवावी, आणि आतून कोणी उघडेपर्यंत थांबावं. थांबणं काय असतं ते कळू दे.

५. हे कलम सहीआधी वाढवत आहे. शेजारी आशुतोष आणि नमिता साक्षीला बसले असताना आत्ताच कडी वाजली. तीनदा. वैशालीनं दार उघडलं तर एक म्हातारे गृहस्थ जिन्याकडे वळलेले. वंशजांसाठी मी पेपरात दिलेली जाहिरात त्यांच्या हातात.

"अहो काका, थांबा. कोण पाहिजे?"

"कोन नाय. आमच्या आज्याची रीत हाय. आजच्या दिशी आपलीच कडी तीनदा वाजवाची न माघारी फिराचा. आतून कोनी उघराचा नाय."

नाव विचारलं.

"नामा जगदाळे. आमच्या गावान या आडनावाचा येकच घर."

वयानं माझ्याएवढे, नात्यानं माझे काका. मी दारापर्यंत गेलो आणि म्हणालो, "या."

कलम ४ रद्द. वारसाला साक्षीदार होता येत नाही, असं नमिता म्हणते. म्हणून नामाकाका सही न करता नुसते बसले आहेत. चपला त्यांनी उंबऱ्याच्या आत काढल्या आहेत.

लिहिणार व देणार: कृष्णात तुकाराम जगदाळे (सही)
समक्ष पाहणारे: १. आशुतोष वर्तक (सही) २. नमिता वर्तक (सही)
नेरूळ, नवी मुंबई. सर्वपित्री अमावास्या, २१ सप्टेंबर २०२५