सगळ्यांचे बूट काढा!

११ मार्च १९६८
लॉनी पर्सेलचा खटला मलाच मिळाला! बेकरी लुटल्याचा आरोप. पोलिसांनी त्याला गाडीत एकट्याला बसवून बेकरीवाल्या मिसेस झेलनिकना विचारलं — हाच ना? त्या म्हणाल्या, असेल. झालं! परवा ओळख परेड. तिथं बोट दाखवलं की पोरगा दहा वर्षं आत. त्याची आई माझा हात सोडेना. 'लेकी, त्या वेळी तो माझ्यासमोर जेवत होता गं!'

१२ मार्च
डिटेक्टिव्ह ग्रेडीचा फोन. 'वकीलबाई, बर्फात कशाला येताय? पाच मिनिटांचं काम.' येणारच! आरोप दाखल झाला की परेडला वकील हवाच, सुप्रीम कोर्टानं गेल्याच वर्षी सांगितलंय. 'त्या कोर्टाला एकदा रात्रपाळीला पाठवा,' म्हणाला. मेला!

१३ मार्च
जिंकले!!
भिंतीशी सहा जण. उंची सारखी, रंग सारखा. मला काही खोट दिसेना. मग नजर खाली गेली — कोठडीत बुटांच्या नाड्या काढून घेतात! लॉनीचे बूट उघडे, बाकीच्यांचे गच्च बांधलेले.
'सगळ्यांचे बूट काढा.'
ग्रेडी हसला. 'बाई, इथं कुणी झोपायला आलंय का?'
'काढा. नाहीतर न्यायाधीशांना सांगते.'
काढले! सहाही जण मोज्यांवर. एकाचा अंगठा बाहेर.
मिसेस झेलनिक काचेतून बराच वेळ बघत राहिल्या. मग ठामपणे — 'पाच नंबर.'
पाच नंबर म्हणजे ठाण्यातलाच हवालदार! ऐन वेळी एक माणूस कमी पडला म्हणून साध्या कपड्यांत बळेच उभा केलेला. ग्रेडीचं तोंड बघण्यासारखं झालं.

१५ मार्च
कोर्टातही मिसेस झेलनिकचं एकच — पाच नंबर, पाच नंबर. मी म्हटलं, 'बाईंना आता हवालदारही चोर दिसायला लागलेत.' न्यायाधीशसुद्धा हसले. त्या मान खाली घालून बसल्या.
लॉनी सुटला! त्याच्या आईनं तळलेली कोंबडी आणि मक्याचा पाव आणला होता. कोर्टाच्या पायऱ्यांवर उभ्या उभ्या सगळं फस्त केलं. इतकं चवदार आयुष्यात खाल्लं नव्हतं.

२ एप्रिल
पाच नंबरला अटक. बेकरीची गल्ल्याची पेटी त्याच्या तळघरात सापडली. मिसेस झेलनिकनी बरोबर माणूस ओळखला होता.
उद्या बेकरीत जायला हवं. कोणत्या तोंडानं?