शटरचा नंबर

३ डिसेंबर

सकाळी हे दूध आणतो म्हणून गाडी घेऊन गेले. डेअरी कोपऱ्यावर आहे, चालत गेलं तरी चालतं. दुपार झाली तरी पत्ता नाही. मोबाइल टीव्हीजवळच पडलेला. तलावाच्या दोन्ही बाजूंनी रिक्षाने फिरून आले.

संध्याकाळी फोन. पारोळ्याच्या अलीकडच्या पेट्रोल पंपावरून कोणीतरी. 'काकू, एक काका बसलेत इथे. पाकिटातल्या चिठ्ठीवर हा नंबर आहे. पेट्रोल भरलं, पण आता कुठं जायचं ते सांगत नाहीत.' चिठ्ठी मीच ठेवली होती दिवाळीत, ह्यांना न सांगता.

रेखाच्या नवऱ्याला धुळ्याहून पाठवलं, तोच घेऊन आला. लेकीच्या नवऱ्यासमोर हे घरात शिरले ते असे, की जणू साइटवरून आलेत. 'दूध नाही मिळालं' म्हणाले. बस्स.

४ डिसेंबर

गाडी उजेडात नीट पाहिली. डाव्या बाजूचा दिवा तडकलाय. पत्र्यावर निळा रंग घासलेला. आपली गाडी पांढरी.

विचारलं. 'आधीपासूनच आहे तो.' नव्हता.

कुणाचा रंग तो? मोटरसायकल? सायकल? सिव्हिलला अपघात विभागात नर्स म्हणून निम्मी नोकरी गेली माझी. स्ट्रेचरवर कोण कोण येतं ते मला माहीत आहे. बातम्या दोनदा वाचल्या. काही नाही. नसेलच असं नाही.

८ डिसेंबर

नितीन पुण्याहून आला. दोन दिवसांची रजा, कपाळावर आठ्या. डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर ह्यांच्याशी छान बोलले, मग आम्हाला आत बोलावून म्हणाले, गाडी बंद. आजार कुठल्या टप्प्यावर आहे ते मला विचारायची गरज नव्हती.

चाव्या मी मागच्या महिन्यातच लपवल्या होत्या. ह्यांनी चौकातल्या चावीवाल्याला घरी आणून डुप्लिकेट करून घेतली. तीही काढून घेतली, तर दुसरी आणली. पंचवीस वर्षं पाटबंधारे खात्यात साहेब होते, चौकात अजून लोक 'साहेब' म्हणतात आणि काम लगेच करून देतात.

गॅरेजच्या शटरला मोटर आहे, दोन रिमोट. रिमोट कुठेही ठेवा, माझ्या पर्समध्ये, डाळीच्या डब्यात, ह्यांना सापडतो. सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, रिमोट बरोबर सापडतो.

नितीन म्हणाला, 'आई, वस्तू सापडते. नंबर सापडत नाही. कीपॅड बसवू.'

९ डिसेंबर

कीपॅड बसला. लिहून ठेवते, नाहीतर मलाच खरं वाटणार नाही.

शटरवाला आला. पांढरी डबी, तळहाताएवढी, आकड्यांची. वायर नाही, आत सेल. बाहेरच्या खांबावर बसवायची. तो ड्रिल लावणार तोच हे बाहेर आले. इस्त्रीचा शर्ट, चष्मा. 'काय चाललंय?'

नितीन म्हणाला, 'बाबा, तुमच्या सोयीसाठी. रिमोट शोधायला नको. आकडे दाबले की उघडतं.'

'चांगलं आहे,' हे म्हणाले.

आणि कामाला लागले. खांबाच्या दर्शनी बाजूला लावू नका, पाऊस मारतो, आतल्या अंगाला घ्या. ते बरोबरच होतं. स्क्रू ह्यांच्या हातात, एकेक देताहेत. डबी सरळ बसली का ते दोन पावलं मागे जाऊन डोळा बारीक करून पाहिलं, धरणाच्या भिंतीकडे पाहायचे तसं.

मग जोडणी. शटरवाला आत स्टुलावर चढून मोटरच्या खोक्यावरचं बटण दाबतो, लाल दिवा लागतो, तेवढ्यात बाहेर नितीनने नंबर दाबायचा. होईना. परत. होईना. डबीच खराब निघाली म्हणून शटरवाला ती उतरवायला लागला. ह्यांनी झाकण उघडलं, म्हणाले, 'सेल उलटा आहे.' स्वतः काढून सुलटा घातला.

शटर वर गेलं. ह्यांनी टाळी वाजवली.

ह्यांच्याच हातून झालं सगळं. मी उंबऱ्यात चहाचा ट्रे धरून उभी.

नंबर नितीनने नंतर स्वयंपाकघरात सांगितला. माझी जन्मतारीख आणि महिना. मी विचारलं, हाच का? म्हणाला, 'बाबांना हा कधी सुचणार नाही गं.'

सहज म्हणाला. वाईट काही नव्हतं मनात. मी पोळ्या लाटत राहिले.

१० डिसेंबर

नितीन गेला. दोन्ही रिमोट बॅगेत घालून. घरातून गॅरेजमध्ये जायच्या दाराला कुलूप लावलं, कारण आत साखळी ओढून शटर हाताने उघडता येतं. किल्ली माझ्या गळ्यात. निघताना मला म्हणाला, 'खंबीर राहा.' स्टेशनला रिक्षाने गेला.

१३ डिसेंबर

सकाळपासून खांबापाशी. आकडे दाबतात, डबी टुंई करते, लाल दिवा. पुन्हा. थोड्या वेळाने डबी रुसते, काहीच घेत नाही, मग हे वाट पाहत बसतात. खुर्ची नेऊन ठेवली आहे तिथे.

मी खिडकीतून बघते. कुठले आकडे, ते बोट कुठे जातं त्यावरून कळतं. स्वतःची जन्मतारीख. नितीनची. रेखाची. रिटायरमेंटची. जुन्या सरकारी जीपचा नंबर, तो तर दोनदा.

माझी नाही. पोरगं बापाला ओळखतं.

१४ डिसेंबर

मला विचारलं, 'नंबर काय?'

म्हटलं, 'नितीनने टाकलाय, मला माहीत नाही.'

'त्याला फोन लाव.'

'तो मीटिंगमध्ये आहे.'

चाळीस वर्षांच्या संसारात ह्यांच्याशी खोटं बोलायची वेळ फार कमी आली. आता सकाळ-संध्याकाळ येते. गोळ्यांसारखी.

१९ डिसेंबर

आज दुपारी बाहेरून आवाज आला म्हणून गेले. हे शटरवर हातांनी थापा मारत होते. 'हाई डबी कोनी लाई? मनी गाडी, मनं घर, माले घर जानं शे.'

अंगावर काटा आला. ह्यांच्या तोंडून अहिराणी मी लग्नानंतर ऐकलीच नव्हती. गावाकडची माणसं आली तरी हे साहेबी मराठीतच बोलायचे. मुलं आजीचं ऐकून 'सगळे'ला 'बठ्ठा' म्हणाली, तर कान धरायचे. मी बोदवडची, माझी बोली वेगळी, तिलाही हसायचे. आता ह्यांची अहिराणी सगळी खालून वर आलीय.

म्हटलं, 'हेच घर आहे.'

'हाई नाही. मनं घर.'

समोरच्या गेटात शेजारचे दोघं-तिघं उभे होते. मीच हसून दाखवलं.

२२ डिसेंबर

अक्कांचा फोन, ह्यांच्या बहिणीचा, धुळ्याहून. ह्यांनीच लावला होता आधी. काय सांगितलं देव जाणे.

'माझ्या भावाला कोंडलंस म्हणे तू.'

म्हटलं, 'अक्का, तुम्ही या. आठ दिवस राहा.'

'माझे गुडघे.'

'मग गाडी पाठवते.'

यावर फोन कट. रेंज गेली असेल.

रेखा म्हणते गाडी विका. नितीन म्हणतो विकू नका, तुम्हाला दवाखान्यात जायला लागेल, ड्रायव्हर बोलवत जा. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, माझ्याशी बोलतात. ड्रायव्हर बोलावला तर हे त्याच्या आधी पुढच्या सीटवर जाऊन बसतात, स्टेअरिंगसमोर. दोन ड्रायव्हर परत गेले. एकजण म्हणाला, 'काकू, साहेबांना उठवायचं कसं?'

२ जानेवारी

मी क्लास लावला. मोटार ड्रायव्हिंगचा. या वयात. लर्निंगची परीक्षा दिली, पास.

कोणाला सांगितलेलं नाही. क्वार्टरमध्ये असताना एकदा ह्यांना म्हटलं होतं, मला शिकवा. रात्रपाळी संपवून मी रिक्षा शोधत सिव्हिलच्या फाटकाशी उभी राहायची आणि घराच्या दारात जीप असायची. म्हणाले होते, 'शोभा, तुझ्या हाताला इंजेक्शनच बरं.' पाहुण्यांसमोर. सगळे हसले. मी पण.

शिकवायला अर्चना म्हणून मुलगी आहे, पस्तिशीची. तिच्या बाजूलाही ब्रेक आहे. पहिल्या दिवशी गाडी आठ-दहा वेळा बंद पडली. तिने काही म्हटलं नाही. कोणी काही न म्हणता शिकवतं, याचीच सवय नाही.

तेवढा वेळ ह्यांच्याजवळ कामवाल्या बाई बसतात.

२६ जानेवारी

सुटीचा दिवस, अर्चना म्हणाली, तुमच्याच गाडीवर हात बसवा. घरी आली. मी खांबापाशी गेले, पाठ ह्यांच्याकडे, नंबर दाबला. शटर वर. हे मागेच उभे. नंबर कसा माहीत, हे विचारतील वाटलं. विचारलं नाही. मी चालवायच्या बाजूने चढले ते पाहिलं, आणि मागे जाऊन बसले. निमूट.

तलावाला फेरी मारली. वळणावर गाडी धापा टाकायला लागली तसं मागून: 'दुसरा टाक. क्लच पूर्ण दाब, अर्धा नको. आता सोड, हळू, हळू. आरशात बघ.'

आवाज जुना. एक शब्द इकडे-तिकडे नाही. अर्चना वळून बघायला लागली. सगळं शाबूत आहे ह्यांचं, गाडी चालवायचं सगळं. नाही ते एवढंच, की कुठं निघालोय.

घराशी आल्यावर म्हणाले, 'मॅडम, बरी चालवता. कुठल्या ऑफिसात असता?'

म्हटलं, 'सिव्हिलला होते.'

'आमची मिसेस पण तिथंच.'

मी शटर लावलं. मोरीत जाऊन नळ सोडून बसले थोडा वेळ.

११ फेब्रुवारी

लायसन्स मिळालं. नितीनला फोटो पाठवला. त्याने अंगठा पाठवला आणि लिहिलं, 'प्राउड ऑफ यू. कीपॅडची बॅटरी बदलली का?'

१७ फेब्रुवारी

ह्यांना घेऊन एकटीनेच दवाखान्यात गेले-आले. हे मागच्या सीटवर. रिंगरोडला ट्रकवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तर ह्यांनी काच खाली करून त्याला शिवी हासडली, अस्सल. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

पण डॉक्टर म्हणाले, उतार वेगात आहे.

२ मार्च

आज सकाळी जे झालं ते.

हे आंघोळ करून, दाढी करून आले. चहा घेताना माझ्याकडे बघत राहिले. नजर स्वच्छ. महिनाभरात पाहिली नव्हती.

'शोभा, ती डबी माझ्यासाठीच लावली ना तुम्ही?'

कप खाली ठेवला. हो म्हटलं.

'मी कोणाला ठोकलं का?'

'माहीत नाही.'

'निळा रंग होता.'

म्हणजे आठवत होतं. तेव्हापासून, की आजच, कोण जाणे. ह्यांनी चहा संपवला. मग म्हणाले, 'बरोबर केलंत. मीही हेच केलं असतं.'

मी उठून पोह्यांना फोडणी द्यायला लागले.

मागून म्हणाले, 'आज मी ठीक आहे. मला कळतंय की आज ठीक आहे. एकदा चालवू दे. तलावापर्यंत, सकाळची गर्दी नाही. तू शेजारी बस. हँडब्रेक तुझ्या हातात.'

साहेब कधी विनंती करत नाहीत. माझ्याकडे तर नाहीच नाही. मी इतकी वर्षं वाट पाहिली असेन अशा एखाद्या वाक्याची, आणि ते आलं ते हे.

रस्त्यावर शाळेची मुलं असतात त्या वेळेला. सायकलींवर.

म्हटलं, 'उद्या जाऊ.'

हे हसले. राग नव्हता. 'उद्या मला आठवणार नाही. म्हणूनच उद्या म्हणतेस.'

मी गॅस बारीक केला. नर्स म्हणून मी बरोबरच होते. बाकी काय होते ते कोणी विचारू नये.

३ मार्च

लवकर उठले. रविवार, शाळा नाही. एमआयडीसीच्या मागे मोठा रिकामा रस्ता आहे, अर्चनाने मला तिथेच शिकवलं. गाडी पुसली. गळ्यातली किल्ली काढून पर्समध्ये टाकली. नवा शर्ट ह्यांच्या पलंगावर ठेवला.

हे उठले. शर्ट घातला. चहा घेतला, बिस्कीट बुडवलं, ते कपात पडलं, चमच्याने काढून दिलं. वर्तमानपत्र उघडलं. आता दहा वाजत आले. व्हरांड्यात बसलेत, समोर शटर.

अजून काही विचारलेलं नाही.

मीही विषय काढलेला नाही.